भिंतीवरून दुधात

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेचा अंमल सुरू झाला आणि मुंबई राज्याच्या दक्षिणेकडील बेळगाव, विजापूर, धारवाड व कारवार हे चार जिल्हे म्हैसूर राज्यात सामील झाले, त्या वेळी जमाबंदीची दप्तरे, खटल्यांचे कागद, खजिन्यातील शिलका, सरकारी इमारती, दवाखान्यांतील सामान आणि नोकरांच्या चाकरीची पुस्तके यांची रीतसर सुपूर्दगी झाली. बेळगावपैकी चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. बाकीच्या मुलखाचा कारभार ज्या बंगळुराहून चालू लागला ते शहर मराठी माणसाला सर्वस्वी परके होते असे नव्हे. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून त्याचे नाव बखरींपासून ओळखीचे होते. या हस्तांतराविषयी मराठीत आणि कानडीत पुढे जे रणकंदन माजले ते सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्या दिवशी मुंबईच्या अंमलाखालून बंगळूरच्या अंमलाखाली अशी एक गोष्ट गेली की जिची नोंद कोणत्याही यादीत नव्हती, आणि ती नोंदावी असे कोणाला सुचण्याचेही काही कारण नव्हते. ती गोष्ट त्या जिल्ह्यांतील माणसांच्या अंगातील चरबीत साठलेली होती. दहा वर्षांपूर्वी मुंबई सरकारनेच ती त्यांच्या घरांच्या भिंतींवर मारली होती, आणि मारली होती ती निखळ सद्हेतूने.

कारवार जिल्ह्याला त्या काळच्या सरकारी भाषेत उत्तर कानडा म्हणत. त्याच्या घाटमाथ्यावरील सुपे, हल्याळ, यल्लापूर हे भाग, जिथे मराठी, कोंकणी आणि कानडी एकाच बाजारात कानावर पडतात, हिवतापाने इतके पोखरून काढले होते की खानेसुमारीच्या कागदांत तिथली माणसे वाढण्याऐवजी घटलेली दिसत. जंगलातल्या स्वच्छ, वाहत्या ओढ्यांच्या काठच्या गवतात वाढणारा ॲनॉफेलिस फ्लुविआटिलिस हा तिथला मुख्य वैरी. धारवाडच्या मोकळ्या रानात त्याची जागा ॲनॉफेलिस क्युलिसिफेसिस घेई. ओढे बुजवता येत नव्हते, जंगल तोडून भागणारे नव्हते, आणि क्विनीन गावोगाव पुरवण्याइतके सरकारजवळ नव्हते. अशा स्थितीत, दुसरे महायुद्ध संपता संपता, लष्कराच्या कोठारातून डीडीटी नावाची पांढरी भुकटी मुलकी खात्यांना मिळू लागली. ओथमार झाइडलर या रसायनशास्त्रज्ञाने ती १८७४ सालीच प्रयोगशाळेत तयार करून ठेवली होती. परंतु तिच्या स्पर्शाने कीटक मरतात हे पाउल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाच्या ध्यानात आले ते १९३९ साली, आणि त्याबद्दल १९४८ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

मुंबई इलाख्याच्या हिवताप खात्याचे प्रमुख डॉ. डी. के. विश्वनाथन आणि त्यांचे सहकारी टी. रामचंद्र राव यांनी १९४६ मध्ये कानडा आणि धारवाड या दोन जिल्ह्यांत घरोघर डीडीटीची फवारणी करण्याचा प्रयोग हाती घेतला. खेड्यापाड्यांतून इतक्या विस्तृत प्रमाणावर केलेला हिंदुस्थानातील हा अगदी आरंभीचा प्रयोग. पहिल्या वर्षाचा वृत्तान्त १९४७ साली हिवतापशास्त्राच्या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मुलांच्या वाढलेल्या प्लीहा उतरल्या, तापाचे रोगी घटले, आणि ज्या भागांत बदली म्हणजे शिक्षा असे सरकारी नोकर समजत तिथे माणसे पुन्हा शेती धरून राहू लागली. विश्वनाथन यांनी १९५८ साली या सगळ्या मोहिमेचा इतिहास ग्रंथरूपाने लिहिला तेव्हा ‘विजय’ हाच शब्द त्यांना योग्य वाटला, आणि त्या क्षणी तो योग्यही होता.

ही फवारणी कशी होत असे ते आजच्या वाचकाला सांगितले पाहिजे, कारण पुढच्या हकिकतीचे मूळ त्या पद्धतीतच आहे. पथक गावात येण्याआधी दवंडी पिटली जाई. घरातली भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, पाळणे आणि पाटे अंगणात काढायचे. जे हलत नाही, म्हणजे धान्याच्या कणग्या आणि माळ्यावरची अडगळ, ते जमेल तसे झाकायचे. पन्नास टक्के डीडीटी असलेली भुकटी बादलीत पाण्यात कालवून पंपाने ती भिंतींवर, कुडांवर, छपराच्या आतल्या अंगाला आणि गोठ्यात मारीत. पुढे ठरलेले प्रमाण दर चौरस मीटरला एक ग्राम असे होते आणि खेपा वर्षातून दोन. वाळल्यावर सारवलेल्या भिंतीवर पांढुरकी पुटे उरत. त्या पुटांतच सारे मर्म होते, कारण रक्त पिऊन जड झालेला डास भिंतीवर विसावला की त्याच्या पायांना विष लागे, आणि हे पूट महिनोन्महिने टिकत असल्याने रोज फवारण्याची गरज नसे. टिकाऊपणा हा त्या रसायनाचा सर्वांत मोठा गुण मानला गेला होता. सणासुदीला बायका भिंती पुन्हा सारवून टाकीत, म्हणून खात्याचे लोक त्यांच्यावर करवादत; आणि आरंभी डासांबरोबर ढेकूणही मरत असल्यामुळे गावकरी या पथकांवर खूश असत. छपरातून गळणारी भुकटी कणगीत, चुलीजवळच्या मडक्यांवर, गोठ्यातल्या वैरणीवर आणि अंगणात टिपणाऱ्या कोंबड्यांपुढे पडत होती, याबद्दल कोणाची तक्रार असल्याचे दिसत नाही. माणूस मरत नव्हता, गुरे मरत नव्हती. मग तक्रार कसली करायची?

कानड्यातले आणि धारवाडातले यश पाहूनच १९५३ साली साऱ्या देशासाठी राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आखला गेला. त्या सुमारास देशात दरसाल साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख त्याने दगावत, असा अधिकृत अंदाज होता. १९५४ मध्ये दिल्लीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली. पुढे केरळात उद्योगमंडल येथे आणि नंतर आपल्या कोकणात रसायनी येथेही तिचे कारखाने उभे राहिले. १९५८ साली ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ आला. १९६१ मध्ये नोंदलेले रोगी पन्नास हजारांच्या आसपास होते. साडेसात कोटींवरून पन्नास हजार! आठ लाख मृत्यूंपुढे भिंतीवरच्या पांढऱ्या पुटाचा हिशेब मागणारा माणूस त्या काळी वेडगळच ठरला असता, आणि आज इतक्या वर्षांनी खुर्चीत बसून त्या पिढीच्या अधिकाऱ्यांना दोष देणे मला तरी शोभेचे वाटत नाही.

तथापि एक गोष्ट खरी आहे, आणि ती लपवण्याचेही कारण नाही. ज्या वर्षी डीडीटी मुलकी खात्यांच्या हाती आली त्याच १९४५ साली अमेरिकेतील ‘सायन्स’ या साप्ताहिकात दोन लहानशी टिपणे प्रसिद्ध झाली होती. टेलफोर्ड आणि गथ्री यांनी डीडीटी चारलेल्या उंदरांच्या आणि शेळ्यांच्या दुधातून तिचा विषार उतरतो असे दाखवले. वुडर्ड, ऑफ्नर आणि माँटगोमेरी यांनी कुत्र्यांच्या चरबीत ती साठते आणि कुत्रीच्या दुधात ती उतरते हे सिद्ध केले. म्हणजे सुप्याच्या पहिल्या झोपडीवर पहिला फवारा उडण्यापूर्वीच, सस्तन प्राण्याच्या आईकडून पिलाकडे हे द्रव्य जाते, हे छापून झाले होते. १९५१ मध्ये लॉग, कुंझ आणि प्रिकेट या तिघांनी वॉशिंग्टनमधील, डीडीटीशी कामधंद्याचा काहीही संबंध नसलेल्या स्त्रियांच्या दुधाचे बत्तीस नमुने तपासले आणि त्यांतल्या तिसांत डीडीटी सापडली. त्या वेळची परीक्षा मोठी खटपटीची होती. दुधातली चरबी वेगळी काढायची, तिच्यातले डीडीटी अलग करायचे, त्यावर तीव्र आम्लांची प्रक्रिया करायची आणि शेवटी एक क्षारयुक्त द्रव घालून निळा रंग उमटतो का ते पाहायचे; रंग जितका गडद तितके द्रव्य अधिक. हा शोध अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्याच्या मासिकात पडून राहिला. मुंबईच्या किंवा म्हैसूरच्या सचिवालयात तो कोणी वाचला असेल तरी त्यावरून एखादी तजवीज व्हावी इतके त्याचे वजन तेव्हा नव्हते.

आता हे द्रव्य आईकडून लेकराकडे जाते ते कसे, याचा थोडा विचार केला पाहिजे. डीडीटी आणि पुढे ज्यांची ओळख होणार आहे ती बीएचसी व पीसीबी ही सर्व क्लोरीनयुक्त द्रव्ये पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. चरबीत मात्र सहज विरघळतात. शरीराला नको असलेली वस्तू बाहेर टाकण्याची जी मुख्य वाट, म्हणजे यकृतात तिला पाण्यात विरघळण्याजोगी करून मूत्राबरोबर काढणे, ती वाट या द्रव्यांच्या बाबतीत बहुतेक बंद असते. डीडीटीचे शरीरात डीडीई होते आणि ते तर आणखी चिवट. साठलेले डीडीई निम्म्यावर येण्यास वर्षेच नव्हेत तर दशकाच्या जवळपास काळ लागतो. पुरुषाच्या अंगात ते असे साठतच राहते. स्त्रीच्या अंगात मात्र एक वाट उघडते आणि ती मातृत्वाची. गर्भावस्थेत आईच्या रक्तातून वारेच्या पडद्यातून हे द्रव्य गर्भापर्यंत पोहोचते. वार हा विषापुढचा अभेद्य तट आहे, ही जुनी समजूत या द्रव्यांनी खोटी ठरवली. पण रक्तात स्निग्धांश थोडा असतो, म्हणून गर्भात जाणारा वाटा साठ्याच्या मानाने लहान. खरा ओघ सुरू होतो तो प्रसूतीनंतर. दूध तयार करण्यासाठी शरीर आपल्या चरबीच्या साठ्यावर हात घालते, वर्षानुवर्षे साठलेली ती चरबी वितळून रक्तात येते, आणि तिच्यात मुरलेले द्रव्य तीन-चार टक्के स्निग्धांश असलेल्या दुधातून बाळाच्या पोटी जाते. बाळंतिणीला आपण तूप, खोबरे, डिंकाचे आणि आळिवाचे लाडू चारतो. परंतु तिच्या दुधातले डीडीटी त्या चार महिन्यांच्या खाण्यातून आलेले नसते, ते तिच्या बालपणापासूनच्या जेवणातले असते. अन्नाच्या साखळीत माणूस सर्वांत वर बसतो असे पुस्तकांत लिहिलेले असते. वास्तविक त्याच्याही वर, आणखी एक पायरी चढून, अंगावर पिणारे मूल बसलेले आहे.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा समुद्रातून मिळाला. जपानच्या एहिमे विद्यापीठातील शिन्सुके तानाबे आणि त्यांचे सहकारी यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी पट्टेदार डॉल्फिनच्या गाभण माद्या आणि त्यांचे गर्भ तपासून वारेतून जाणारा वाटा किती थोडा आणि दुधातून जाणारा किती मोठा, याचे गणित मांडले. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डॉल्फिनांवर काम करणाऱ्यांनी पुढे असा अंदाज केला की मादी आपल्या साठ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग पहिल्याच पिलाला देऊन टाकते. म्हाताऱ्या नरांच्या चरबीत वर्षागणिक हे द्रव्य वाढत गेलेले आढळते. व्यालेल्या माद्यांत ते उतरते. पहिल्या पिलाला सर्वाधिक, दुसऱ्याला त्याहून कमी, तिसऱ्याला आणखी कमी, अशी ही वाटणी. माणसांत ती इतकी टोकाची नसली तरी दिशा तीच असते. आपल्याकडे पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी होते, तिची आणि तिच्या बाळाची सर्वांत अधिक बडदास्त ठेवली जाते. आणि निसर्गाच्या या विचित्र न्यायाने नको असलेला ऐवजही सर्वांत अधिक त्याच बाळाच्या वाट्याला येतो.

डीडीटी घरात आली ती हिवतापामुळे. शेतात जे आले ते बहुतांशी बीएचसी. गावोगाव ‘गॅमेक्सिन’ या नावाने ओळखली जाणारी ही उग्र वासाची भुकटी १९४८ साली टोळधाडीसाठी परदेशातून आणली गेली आणि १९५२ पासून कलकत्त्याजवळच्या रिश्रा येथे ती इथेच तयार होऊ लागली. स्वस्ताई हे तिचे मोठे आकर्षण. परंतु तिच्यात कीटक मारणारा अंश, ज्याला गॅमा म्हणतात, तो फार तर सातवा हिस्सा. बाकीचे सहा हिस्से निरुपयोगी, आणि त्यांतला बीटा नावाचा प्रकार तर चरबीत सर्वांत चिवटपणे टिकणारा. पाश्चात्त्य देशांनी गॅमा तेवढा वेगळा काढून वापरण्याकडे लक्ष दिले. आपण काटकसर म्हणून सगळेच मिश्रण भातशेतीत, कपाशीवर आणि भाजीपाल्यावर धुरळत राहिलो. १९५८ साली केरळात कीटकनाशक मिसळलेल्या धान्याने शंभराहून अधिक माणसे मेली, न्यायमूर्ती शहा यांची चौकशी बसली, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कीटकनाशकांचा कायदा झाला. त्या कायद्याची दृष्टी ताबडतोब मरणाऱ्या माणसाकडे होती. हळूहळू साठणाऱ्या द्रव्यासाठी त्यात फारशी जागा नव्हती. आणि ज्या यंत्रावाचून ते सूक्ष्म प्रमाणात सहज मोजता येत नाही, तो जेम्स लव्हलॉकने १९५७ साली रचलेला अतिसंवेदनशील शोधक, आपल्या प्रयोगशाळांत रुळायला पुढची पंधरा-वीस वर्षे लागली.

तो आल्यावर मात्र कामाला वेग आला. लखनौच्या औद्योगिक विषशास्त्र संशोधन केंद्रात सी. आर. कृष्णमूर्ती यांच्या काळात सक्सेना, सिद्दिकी आणि इतरांनी प्रसूतीच्या वेळी आईचे रक्त, वार आणि नाळेतले रक्त गोळा करून ही द्रव्ये मोजली. गर्भपात झालेल्या आणि अकाली प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या रक्तात ती अधिक आढळली, असे त्यांनी १९८०च्या सुमारास लिहिले. लुधियान्यात कालरा आणि चावला यांनी पंजाबातील आयांचे दूध तपासले. आणि १९८५ साली रामकृष्णन, काफलिया, सेठ आणि रॉय या चौघांचा लेख प्रसिद्ध झाला, ज्यात बंगळूर, कलकत्ता आणि मुंबई या तीन शहरांतील मातांच्या दुधाची तुलना होती. तिन्ही शहरांत डीडीटी आणि बीएचसी सापडले. डीडीटीचे प्रमाण बंगळुरात सर्वांत कमी, कलकत्त्यात त्याच्या सुमारे दुप्पट आणि मुंबईत सुमारे चौपट.

बंगळूर सर्वांत खाली का, याचे उत्तर त्या लेखापेक्षा शहराच्या भूगोलात शोधावे लागते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचे ते गाव, तिथे हिवतापाचा जोर सुपे-हल्याळाच्या तुलनेत काहीच नव्हता. त्यातून घरोघर डीडीटी मारण्याची मोहीम मुख्यत्वे खेड्यांसाठी होती. शहरांत डासांच्या अळ्या मारण्यावर भिस्त असे. तेव्हा बंगळुरातल्या स्त्रीच्या अंगी जे आले ते भिंतीवरून कमी आणि ताटातून अधिक आले असले पाहिजे: दुधातून, तुपातून, शेंगदाण्याच्या तेलातून, अंड्यांतून. निदान माझा तर्क तसा आहे. मुंबईत त्याच ताटाचा पसारा अधिक मोठा, आणि तिला पोसणारा गुजरात-महाराष्ट्राचा मुलूख कपाशीचा, फवाऱ्याला फार सरावलेला.

मात्र या तीन आकड्यांपेक्षा अधिक बोलके एक गणित आहे, जे त्या लेखात मांडलेले नाही, कारण ते रसायनशास्त्राचे नसून इतिहासाचे आहे. १९८५च्या सुमारास बाळंत होणारी स्त्री वीस ते तीस वर्षांची धरली, तर तिचा जन्म १९५५ ते १९६५ या दहा वर्षांतला ठरतो. म्हणजे निर्मूलनाच्या मोहिमेचा नेमका भर. ज्या वर्षांत हिवतापाने मरणारी मुले वाचली, त्याच वर्षांत वाचलेल्या मुलींच्या अंगी डीडीटी साठू लागले, आणि पंचवीस वर्षांनी त्या आई झाल्या तेव्हा ते प्रयोगशाळेच्या काचेच्या नळीत दिसले. खात्याच्या दप्तरात रोग्यांची, प्लीहांची, फवारलेल्या घरांची आणि खर्ची पडलेल्या भुकटीची नोंद होती. फायद्याचा रकाना अगदी चोख भरलेला होता. दुसरा रकाना कोणी आखलाच नव्हता, तो त्या मुलींच्या शरीरांनी आपला आपण भरला. एकाच देहाने दोन्ही बाजू सांभाळल्या, म्हणून मला या प्रकरणात खलनायक सापडत नाही. आणि खलनायक नसल्यामुळेच कदाचित या हकिकतीचा आपल्याकडे कधी बोभाटा झाला नाही.

इथे एका सावधगिरीचा उल्लेख करणे प्राप्त आहे. १९७५ साली शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हंदिगोडु या गावी शेतमजुरांच्या काही कुटुंबांत कमरेचे आणि गुडघ्यांचे सांधे झिजून माणसे खुरटी, पांगळी होऊ लागल्याचे उघडकीस आले. भातखाचरांतले खेकडे आणि मासे हे त्या गरीब कुटुंबांचे अन्न, आणि खाचरांवर तर जहाल कीटकनाशके फवारलेली. तेव्हा दोष खेकड्यांतल्या विषाचा, असा बोभाटा सर्वत्र झाला, आणि तो वरकरणी पटण्याजोगाही होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या भट आणि कृष्णमाचारी यांनी १९७७ मध्ये घराण्यांच्या वंशावळी मांडून पाहिल्या आणि रोग कुटुंबागणिक उतरतो असे दाखवले; पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासातही तो आनुवंशिक अस्थिदोष असल्याचे निश्चित झाले. आईकडून लेकराकडे जे जाते ते सर्व अन्नातले नसते. काही बीजातले असते. परंतु म्हणून दुधातले डीडीटी खोटे ठरत नाही. अमेरिकेत वॉल्टर रोगन यांनी १९८०च्या दशकात आणि पुढे मेक्सिकोतही पाहिले की ज्या मातांच्या दुधात डीडीई अधिक, त्यांचे अंगावर पाजणे लवकर संपते. याहून भयंकर परिणामांच्या ज्या वार्ता वेळोवेळी उठतात, त्यांतल्या कित्येक अजून कसाला लागलेल्या नाहीत.

मग पाजू नये काय? हा प्रश्न बंगळुरातल्या आणि मुंबईतल्या कोणत्याही आईच्या मनात येणारच, आणि त्याचे उत्तर १९९३ साली वैद्यक संशोधन परिषदेनेच नकळत देऊन टाकले. परिषदेने बारा राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले. ८२ टक्क्यांत डीडीटी निघाले, आणि ३७ टक्क्यांत ते मान्य मर्यादेपलीकडे होते. मर्यादा ओलांडणाऱ्या नमुन्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला, ७४ टक्के. त्याच पाहणीत बाळांसाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या डबाबंद भुकटीच्या वीस प्रकारांचे १८६ नमुने घेतले होते. सुमारे ७० टक्क्यांत डीडीटी आणि ९४ टक्क्यांत बीएचसी मिळाले. अंगावरचे सोडून डब्याकडे जाणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. जागतिक आरोग्य संघटनेने या सगळ्या अभ्यासांनंतरही स्तनपानाचाच आग्रह धरला आहे, कारण आईच्या दुधातील रोगप्रतिबंधक गुणांची बरोबरी कोणत्याही डब्याला येत नाही.

पुढची हकिकत बंदीहुकमांची आहे, आणि ती थोडक्यात आटोपते. शेतीत डीडीटी १९८९ मध्ये बंद झाली. हिवताप खात्याला मात्र सवलत राहिली, कारण दरम्यान डास निर्ढावले होते आणि १९७६ मध्ये रोग्यांची संख्या ६४ लाखांवर गेली होती. बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. २००१ साली स्टॉकहोम येथे चिवट सेंद्रिय प्रदूषकांविषयीचा करार झाला, आणि भारताने तो २००६च्या जानेवारीत मान्य केला. एंडोसल्फान या आणखी एका कीटकनाशकावरून तर बंगळूरच्या सरकारला स्वतःच्याच घरात पाहावे लागले: दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या सरकारी बागांवर ते वर्षानुवर्षे आकाशातून फवारले गेले होते, आणि कोक्कडासारख्या गावांतील विकलांग मुलांच्या आया नुकसानभरपाईसाठी दाद मागत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी साऱ्या देशात ते थांबवले. त्याआधी, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बंगळुरासह सात शहरांच्या नुसत्या हवेतसुद्धा ही जुनी कीटकनाशके मोजली गेली होती.

वर नाव घेतलेल्यांपैकी तिसरे द्रव्य पीसीबी. त्याच्या बाबतीत बंगळूरचे नाव निराळ्या कारणाने येते. विजेच्या रोहित्रांत, म्हणजे लोक ज्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतात त्यांत, न पेटणारे तेल म्हणून पीसीबी घालीत. दक्षिण भारतातील मातांच्या दुधाचा तानाबे आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९९० साली अभ्यास केला तेव्हा कीटकनाशके भरपूर आणि पीसीबी त्या मानाने फार कमी सापडले. कारण उघड होते, आपल्याकडे शेती जास्त आणि वीज कमी. परंतु जुनी रोहित्रे भंगारात निघाली, तेल जमिनीवर सांडले किंवा दुसऱ्या तेलात मिसळले, की तेच द्रव्य गवतात, म्हशीत आणि बाळंतिणीत जाणार. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने देशातील पीसीबी हुडकून नष्ट करण्याचा जो प्रकल्प सुरू झाला, त्याची सूत्रे १९६० साली बंगळुरात स्थापन झालेल्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेकडे आली. पहिल्या मोजदादीत हे द्रव्य आणि त्याने दूषित झालेले तेल मिळून जवळपास दहा हजार टन भरले. २०१६च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने त्याचे उत्पादन आणि आयात बंद करून, वापरात असलेली यंत्रे ३१ डिसेंबर २०२५पर्यंत काढून टाकावीत असा हुकूम काढला. दर किलोमागे पन्नास मिलिग्रामपेक्षा अधिक पीसीबी असलेले तेल दूषित धरायचे, हे माप आंतरराष्ट्रीय करारातले. कानड्यातल्या भिंतींवर डीडीटी मारली गेली तेव्हा ती कुठे जाईल हे विचारायला कोणतेही खाते नव्हते; या वेळी तेलाचा नमुना आधी तपासला जातो, पत्र्याच्या टाकीवर खूण पडते, तिची यादी होते, आणि त्यानंतरच ती हलते.